कोयासानला संथ गाडीनंच जा

मागच्या अंकात मी जपानमधल्या कोयासानला एकटी जाऊन आले, त्याबद्दल दोन पानं लिहिली होती. ज्यांच्या हाती तो अंक पडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ओसाकाच्या दक्षिणेला, वाकायामा प्रांतात, आठ-नऊशे मीटर उंचीवर डोंगरांच्या कुशीत एक पठार आहे. इ.स. ८१६ मध्ये सम्राट सागा यांनी ते कूकाई नावाच्या भिक्षूला साधनेसाठी दिलं. आज तिथं ११७ मठ आणि मंदिरं आहेत. त्यातल्या पन्नासएक मठांत तुमच्या-आमच्यासारख्यांना मुक्कामही करता येतो. मी ऑक्टोबरच्या अखेरीस गेले होते, पाठीवर एक सॅक घेऊन, रेल्वेनं.

पत्रं मंदिरांबद्दल येतील असं मला वाटलं होतं. निम्म्याहून जास्त आली ती गाडीबद्दल. मला मनापासून आनंद झाला, कारण मागच्या वेळी जागा पुरली नाही म्हणून गाडीचाच मजकूर काढावा लागला होता, आणि मला खरं सांगायचं होतं ते तेच. यावेळचं सदर त्यामुळे पूर्ण याच प्रश्नांना दिलं आहे.

प्रश्न : ताई, आम्ही चौघं मे महिन्यात जपानला निघालोय. सगळ्यांचे जेआर पास काढून झालेत. कोयासानला तो पास चालेल ना? आणि गाडी नेमकी कुठून सुटते?

नाही चालणार. कोयासानची गाडी नानकाई या खाजगी रेल्वेची आहे आणि जेआर, म्हणजे जपान रेल्वेचा पास तिथं लागू होत नाही. वाटेतल्या हाशिमोतो स्टेशनापर्यंत जेआरची एक लांबची वाट आहे, पण हाशिमोतोपासून वर चढायला पुन्हा नानकाईचंच तिकीट काढावं लागतं. सरळ ओसाकातल्या नांबा स्टेशनाहून जा. शिन-ओसाकाला उतरलात की मिदोसुजी मेट्रोनं पंधराएक मिनिटांत नांबा येतं. इथं मात्र लक्ष द्या. मेट्रोचं नांबा वेगळं, जेआरचं नांबा वेगळं, नानकाईचं नांबा वेगळं, आणि तिन्ही जमिनीखालच्या बाजारांतून एकमेकांना जोडलेली. ‘नानकाई’ एवढा एकच शब्द पाट्यांवर बघत चला. नानकाईचे फलाट वर, तिसऱ्या मजल्यावर आहेत.

साध्या गाडीचं भाडं शेवटच्या केबल कारसकट माणशी दीड हजार येनच्या आत येतं. ‘कोया’ नावाची जलद आरक्षित गाडी हवी असेल तर वर आणखी साधारण आठशे येन. इकोका हे आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड असेल तर साध्या गाडीला तिकिटाच्या रांगेत उभं राहायचीही गरज नाही, दारावर टेकवायचं आणि आत जायचं. विमानतळावरून थेट जाणार असाल तर नांबापर्यंत जाऊच नका, अलीकडे तेंगाचायाला उतरून कोया मार्गाची गाडी पकडा. मेचा पहिला आठवडा टाळता आला तर टाळा. तेव्हा जपानमध्ये सुट्ट्यांचा मोसम असतो आणि मठांतल्या खोल्या फार आधी भरतात.

प्रश्न : साठ-पासष्ट किलोमीटरला दोन तास? त्यापेक्षा मोटार भाड्यानं घेऊन वर गेलो तर? ह्यांचे गुडघे दुखतात, सारखं गाड्या बदलणं जमेल असं वाटत नाही.

गुडघ्यांचं आधी बघू. ‘कोया’ गाडी घ्या. ती नांबाहून थेट गोकुराकुबाशीला, म्हणजे रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनला साधारण ऐंशी मिनिटांत नेते, मध्ये बदलायला लागत नाही. तिथून केबल कार आणि वर पोचल्यावर बस. तिन्ही वाहनं एकमेकांना धरून चालतात, चालणं फारसं नाही. केबल कार तीव्र चढावर उभी असते, त्यामुळे तिच्या फलाटाला पायऱ्या आहेत. तिथं घाई करू नका, एवढंच.

पण गुडघे धड असतील तर माझं सांगणं वेगळं आहे. हाशिमोतोपर्यंत कसेही या, आणि हाशिमोतोला उतरून दोन डब्यांच्या, प्रत्येक स्टेशनावर थांबणाऱ्या गाडीत बसा. हे मी खर्च वाचवायला सांगत नाही.

हाशिमोतोपर्यंतची गाडी कुठल्याही मोठ्या शहरातल्या लोकलसारखीच असते. साकाई शहर जातं, गच्च्यांवर वाळत घातलेल्या दुलया जातात, शाळेची मुलं चढतात-उतरतात. कावाची-नागानोनंतर झाडी दाट होते, एक लांब बोगदा लागतो आणि बोगद्यापलीकडे वाकायामा प्रांत सुरू होतो. हाशिमोतो स्टेशन समुद्रसपाटीपासून ९२ मीटरवर आहे. गोकुराकुबाशी ५३५ मीटरवर. मधलं अंतर जेमतेम वीस किलोमीटर आणि त्यात २४ बोगदे. हजार मीटर पुढे जाताना पन्नास मीटर वर चढायचं, इतका तीव्र चढ आहे, आणि वळणं इतकी आवळलेली की नेहमीचा वीस मीटर लांबीचा डबा तिथून वळत नाही. म्हणून या मार्गासाठी सतरा मीटरचे आखूड डबे मुद्दाम बांधलेले आहेत. गाडी ताशी तीसेक किलोमीटरवर येते. वळणावर चाकं रुळाला घासतात तेव्हा जो आवाज निघतो तो आजही माझ्या कानात आहे.

आता माझं काय झालं ते सांगते. हाशिमोतोला माझी गाडी संपली, पण मला ते कळलंच नाही. सूचना दिली गेली होती, मीच वहीत काहीतरी लिहीत बसले होते. डबा रिकामा झाला. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी दारापर्यंत गेली, मागे वळून बघितलं, परत आली आणि माझ्यासमोर उभी राहून तिनं बोटानं समोरचा फलाट दाखवला. मी धावले, तोवर वर जाणारी गाडी सुटली होती. पुढच्या गाडीला बराच वेळ होता आणि गारठा होता.

त्या पुढच्या गाडीत माझ्या समोर ऐंशीच्या आसपासच्या एक आजी येऊन बसल्या. गाडी सुटल्या सुटल्या किनोकावा नदीवरचा पूल लागतो. पुलावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दोन्ही हात जोडले आणि विचारलं, “ओदाइशी-सान?” कूकाईंना मरणोत्तर कोबो दाइशी ही पदवी मिळाली, आणि तिथली माणसं त्यांना घरच्या वडीलधाऱ्यासारखं ओदाइशी-सान म्हणतात. म्हणजे प्रश्न एवढाच होता की, त्यांच्याकडेच निघालीस ना? मी मान हलवली. पुढे आमच्यात एकही शब्द झाला नाही. कुदोयामा गेलं, कोयाशिता गेलं, एकेक ओस स्टेशन येऊन गेलं, जपानी देवदाराची झाडं खिडकीच्या इतकी जवळ आली की फांद्या काचेवरून सरकत होत्या. कीई-होसोकावाला आजी उठल्या. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं आणि उतरून गेल्या. आत एक काकी होतं, आपण पर्सिमन म्हणतो ते नारिंगी फळ. वाकायामात ते मुबलक पिकतं. देठाला एक पान तसंच होतं, अर्धं हिरवं, अर्धं तांबडं.

गोकुराकुबाशीला उतरलात की खाली ओढ्यावर एक लाल पूल दिसतो. ‘गोकुराकु’ म्हणजे आपण जिला सुखावती म्हणतो ती बुद्धभूमी, आणि ‘बाशी’ म्हणजे पूल. डोंगर पायी चढणारे यात्रेकरू या पुलावरून पवित्र हद्दीत शिरत. रेल्वे इथवर १९२९ मध्ये पोचली आणि केबल कार १९३० मध्ये सुरू झाली. केबल कार पाच मिनिटांत ३२८ मीटर वर नेते, इतकी उभी की समोरच्या खिडकीतून फक्त रूळ आणि आभाळ दिसतं.

मोटारीनं गेलात तर तुम्ही वाहनतळावर उतरता आणि मंदिर बघायला लागता. गाडीनं गेलात तर दीड-दोन तास कोणीतरी तुम्हाला हळूहळू वर घेऊन जातं, शहराचा एकेक थर मागे राहतो. मला तरी मंदिर हाशिमोतोलाच सुरू झाल्यासारखं वाटलं.

प्रश्न : जपानी अजिबात येत नाही. परदेशी माणसाकडे गाडीत लोक कसे बघतात?

बघत नाहीत. पहिले दोन दिवस मला तो अलिप्तपणा वाटला, पण ती त्यांची अदब आहे. कोणाच्या खाजगीपणात डोकवायचं नाही. अडचण दिसली की मात्र स्वतःहून पुढे येतात, त्या शाळकरी मुलीसारखे. “सुमिमासेन” एवढा एक शब्द पाठ करा. माफ करा, जरा ऐका, आभारी आहे, तिन्ही ठिकाणी चालतो. स्टेशनांची नावं रोमन लिपीतही लिहिलेली असतात. गाडीत फोनवर बोलू नका, पाठीवरची सॅक पुढे घ्या, आणि आपसात बोलतानाही आवाज खाली ठेवा. आपण चौघं-पाचजण एकत्र असलो की आपल्या नकळत आवाज चढतो. डब्यातली शांतता तिथं सगळ्यांच्या मालकीची असते.

प्रश्न : कोयासानवर बायकांना बंदी होती म्हणे. खरं का? तुम्ही त्याबद्दल काही लिहिलं नाहीत.

खरं आहे, आणि लिहायला हवं होतं. हजार वर्षांहून जास्त काळ स्त्रियांना पठारावर पाऊल ठेवता येत नव्हतं. १८७२ मध्ये सरकारनं देशभरातल्या अशा बंद्या उठवल्या, पण कोयासानवर ती पूर्ण उठायला विसावं शतक उजाडलं.

डोंगरावर शिरायच्या सात वाटा होत्या. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी एक न्योनिन-दो, म्हणजे बायकांसाठीचं देऊळ होतं. बायका तिथवर चढून येत, तिथंच रात्र काढत आणि तिथूनच हात जोडत. पठाराच्या कडेकडेनं, सातही देवळांना जोडणारी पायवाट बायकांनीच चालून चालून पाडली. आतले कळस झाडांमधून दिसले तर दिसले. सातांपैकी आता एकच न्योनिन-दो उरलं आहे. केबल कारच्या स्टेशनावरून बस निघते तेव्हा तो रस्ता फक्त बससाठी राखीव असतो, पायी जाता येत नाही, आणि बसचा पहिला थांबा म्हणजेच हे न्योनिन-दो. बहुतेक प्रवासी तिथं उतरत नाहीत. तुम्ही उतरा. लहानसं, काळपट लाकडाचं, छपरावर शेवाळ असलेलं देऊळ आहे. मी उंबऱ्याशी बसले आणि रस्त्यापलीकडे, आतल्या बाजूला बघितलं. ज्या जागी त्या बायकांचं चालणं संपायचं तिथून माझं सुरू होत होतं. पुढचा दीड-दोन किलोमीटर मी मुद्दाम चालत गेले.

याच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग खाली कुदोयामा स्टेशनात आहे. कूकाईंच्या आई मुलाला भेटायला आल्या आणि त्यांनाही वर जाता आलं नाही. त्या पायथ्याशी, जिसोन-इन या मंदिरात राहिल्या. कूकाई महिन्यातून नऊ वेळा डोंगर उतरून आईला भेटायला येत, म्हणून गावाचं नाव कुदोयामा, नऊ वेळांचा डोंगर, अशी आख्यायिका आहे. परतीच्या वाटेवर मी तिथं उतरले. स्टेशनापासून वीस-पंचवीस मिनिटं चालावं लागतं. मंदिरात नवसाच्या पाट्या टांगलेल्या असतात आणि त्यांवर कापडाचे, कापूस भरून शिवलेले स्तन लावलेले असतात. सुखरूप बाळंतपणासाठी, बाळाला दूध यावं म्हणून, आणि आता स्तनाच्या कर्करोगातून बरं व्हावं म्हणून. एका पाटीवरचं शिवण अगदी ओबडधोबड होतं, टाके मोठे, दोरा दुसऱ्याच रंगाचा. शिवणाऱ्या हाताला सुईची सवय नसावी. नवऱ्यानं किंवा मुलानं शिवलं असेल का, असं मनात आलं. माझी धाकटी बहीण याच आजारातून गेली आहे. ती बरी आहे. मी तिच्या नावानं एक पाटी टांगून आले, मराठीत लिहून.

प्रश्न : माझ्या सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. गाडीत आणि मठात जेवणाचं काय?

मठात त्या इथल्यापेक्षाही निश्चिंत जेवतील. तिथल्या जेवणाला शोजिन-र्‍योरी म्हणतात. मांस नाही, मासे नाहीत, कांदा-लसूण नाही. रसासाठी समुद्रशेवाळ आणि सुकी अळिंबी वापरतात. तीळ आणि कुझू या कंदाचं सत्त्व घोटून केलेलं गोमा-दोफू जरूर खा. जिभेवर ठेवलं की रेशमासारखं सरकतं. गोठवून सुकवलेलं कोया-दोफू तर याच डोंगराच्या नावानं ओळखलं जातं. जेवण संध्याकाळी साडेपाच-सहालाच मिळतं, त्यामुळे पाचच्या आत मठात पोचा.

वाटेत मात्र सांभाळा. बाहेरच्या शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थांतही बोनितो माशाचा अर्क असतो, रश्शात हमखास. नांबाला दुकानातून उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ घातलेला भाताचा गोळा घ्या, तोही वेष्टनावरचे घटक कोणाकडून तरी वाचून घेऊन. आणि घरचं सुकं काहीतरी जवळ ठेवाच. साध्या लोकलमध्ये कोणी खात नाही, आरक्षित ‘कोया’ गाडीत खाल्लेलं चालतं.

प्रश्न : मी संस्कृत घेऊन एम.ए. करतोय. कोयासानच्या थडग्यांवरची अक्षरं तुम्हाला “वाचता आली” असं तुम्ही लिहिलंय. ती कुठली लिपी?

‘वाचता आली’ हे जरा घाईनं लिहिलं गेलं. ओळख पटली, असं म्हणायला हवं होतं. ती सिद्धम् लिपी आहे. ब्राह्मीच्या कुळातली, म्हणजे आपल्या नागरीची नातलग. भारतातून ती बौद्ध ग्रंथांबरोबर चीनला गेली. कूकाई ८०४ मध्ये चीनला निघाले आणि ८०६ मध्ये परतले. तांग घराण्याच्या राजधानीत, छांग-आनमध्ये त्यांनी हुइकुओ या आचार्यांकडून दीक्षा घेतली, आणि तिथंच प्रज्ञ नावाच्या, भारताकडून आलेल्या भिक्षूकडे संस्कृतचे धडे घेतले. मंत्राचा उच्चार नेमका हवा तर अक्षरही मूळचं हवं, या आग्रहापोटी जपाननं ही लिपी बाराशे वर्षं जपली. आपल्याकडे ती केव्हाच वापरातून गेली.

ओकुनोइन हे कोयासानचं स्मशान. इचिनोहाशी पुलापासून कूकाईंच्या समाधीपर्यंत दोन किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना प्रचंड देवदार, आणि दोन लाखांवर थडगी. जपानच्या इतिहासातला बलाढ्य सरदार ओदा नोबुनागा याचं आहे, त्याचा घात करणाऱ्या आकेची मित्सुहिदेचंही आहे. मारल्या गेलेल्या वाळवीचंसुद्धा एक स्मारक आहे, ‘शांत झोपा’ असं कोरलेलं. बरीच थडगी पाच दगडांची असतात. तळाला चौकोन म्हणजे पृथ्वी, त्यावर गोल म्हणजे जल, मग उतरतं छप्पर म्हणजे अग्नी, मग अर्धचंद्रासारखा वायू आणि टोकाला रत्नासारखं आकाश. प्रत्येक दगडावर त्याचं बीजाक्षर असतं. वरून खाली वाचलं तर ख, ह, र, व, अ. तिथले लोक त्याचा उच्चार क्या, का, रा, बा, आ असा करतात.

सकाळी समाधीकडे जाताना वाटेलगतच्या एका कललेल्या थडग्याशी मी थांबले. पाऊस पडून गेला होता. तळाच्या दगडावरचं अक्षर शेवाळानं भरलं होतं, खाचेत हिरवं आणि भोवती करडं, त्यामुळे उलट ते जास्तच उठून दिसत होतं. वरचे ‘व’ आणि ‘र’ आधी सापडले, ते आपल्या अक्षरांपासून फार दूर गेलेले नाहीत. मग क्रम लावून खालचा ‘अ’ कळला. पाटीवर पहिल्यांदा गिरवलेलं अक्षर, परक्या देशात, कोणा अनोळखी माणसाच्या दगडावर. मी बोट लावलं नाही, नुसतं हवेत गिरवलं.

तुम्ही संस्कृतचे विद्यार्थी आहात म्हणून आणखी एक. कोयासानवर आजिकान नावाचं ध्यान शिकवतात. समोर कमळावर, चंद्राच्या गोलात लिहिलेला ‘अ’, आणि त्याच्याकडे बघत श्वास. ‘अ’ म्हणजे अनुत्पाद, ज्याचा आरंभ नाही ते. जपानी वर्णमालेचा क्रमही ऐकून बघा. आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातूनच तिथं रुजला. शुल्क भरून एखाद्या मठात आजिकानला जरूर बसा. परदेशी म्हणून तिथं जाल, पण समोरचं अक्षर तुमचं असेल.

प्रश्न : माझे वडील १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षेच्या सोहळ्यात होते. ते आता नाहीत. त्यांच्यासाठी म्हणून मला एखाद्या मोठ्या बौद्ध स्थळी जायचंय. पण कोयासानवर देव-देवता, मंत्र, होम आहेत असं वाचलं. मला तिथं परकं वाटेल का? बाबासाहेबांचा पुतळा तिथं आहे हे खरं का?

हे पत्र मी तीन वेळा वाचलं. मी बौद्ध घरातली नाही, त्यामुळे जपून आणि जे पाहिलं तेवढंच लिहिते.

पुतळा आहे. कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा सप्टेंबर २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते बसवला गेला. मी गेले तेव्हा आसपास कोणी नव्हतं, एक विद्यार्थी सायकल ढकलत गेला तेवढाच. इतक्या लांब, देवदाराच्या झाडांमध्ये, तो ओळखीचा चेहरा समोर आला आणि मला भरून आलं. तुमच्या वडिलांचा फोटो बरोबर न्या.

आता दुसरी बाजू लपवत नाही. कोयासानचा पंथ शिंगोन, म्हणजे ‘सत्य वचन’, म्हणजेच मंत्र. तो वज्रयानी, म्हणजे मंत्र आणि विधींवर भर देणारा आहे. मुख्य बुद्ध महावैरोचन, जपानीत दाइनिची. तिथं ‘गोमा’ होतो, तो शब्द आपल्या होमावरूनच गेलेला. सरस्वती बेंझाइतेन होऊन आहे, इंद्र ताइशाकुतेन होऊन आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या माणसाला हे खटकू शकतं, आणि खटकलं तर त्यात तुमचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तिथं तुमच्याकडून कोणी पूजेची अपेक्षा करत नाही. मागे शांत बसलात तरी तेवढाच आदर मिळतो.

पण सकाळच्या पाठाला बसा. मी राहिले त्या मठात तो साडेसहाला होता. अंधारलेली खोली, तातामीचा, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटईचा गारठा मांड्यांपर्यंत चढलेला, दोन भिक्षू एका सुरात म्हणताहेत आणि मला अवाक्षर कळत नाही. अगदी शेवटी कानावर आलं, “ग्यातेइ ग्यातेइ हारा ग्यातेइ हारासो ग्यातेइ बोजी सोवाका.” प्रज्ञापारमिता हृदयसूत्राचा शेवट. गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा. शब्द चीनमार्गे गेले, झिजले, पण तेच शब्द. त्यानंतरच्या शांततेत तुम्ही मनात “बुद्धं शरणं गच्छामि” म्हणालात तर ते तिथं परकं ठरणार नाही, याची मला खात्री आहे. परकं वाटेल का, याचं माझं उत्तर असं : दोन दिवसांत काही वेळा वाटेल, आणि ज्या वेळी वाटणार नाही त्यासाठी जावं.

प्रश्न : कोणत्या महिन्यात जावं?

ऑक्टोबरची अखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा, पानगळीच्या रंगांसाठी. हिवाळ्यात बर्फ असतं आणि ओसाकापेक्षा बरीच जास्त थंडी. वादळांच्या मोसमात निघण्याआधी गाडी चालू आहे ना ते बघा. ऑक्टोबर २०१७ च्या वादळात दरड कोसळून चढावरचा मार्ग पुढच्या वसंतापर्यंत बंद होता.

प्रश्न : वय ७४. पत्नी गेल्यावर्षी गेली. रेल्वेत नोकरी केली, आयुष्यभर गाड्याच पाहिल्या. मुलगा ओसाकाला आहे, तो म्हणतो चला. मंदिराचं मला फारसं काही नाही. गाडीत कुठं बसू ते सांगा.

पहिल्या डब्यात, मोटरमनच्या पाठीमागच्या काचेशी. हाशिमोतोला त्या दोन डब्यांच्या गाडीत सगळ्यात आधी चढा म्हणजे ती जागा मिळेल. काचेतून पुढचा रूळ दिसतो आणि मोटरमनचे हातही दिसतात. पांढरे हातमोजे घातलेले असतात. प्रत्येक सिग्नलला तो बोट रोखतो आणि सिग्नलचा रंग मोठ्यानं उच्चारतो, डब्यात ऐकायला कोणी नसलं तरी. तुम्हाला त्याचं महत्त्व माझ्यापेक्षा जास्त कळेल. बोगद्यात शिरताना काचेवर तुमचाच चेहरा दिसतो, बाहेर पडताना तो पुसला जातो आणि हिरवं येतं. असं चोवीस वेळा होतं. मुलाला शेजारी बसवा. शेवटच्या स्टेशनावर मोटरमन बोट उचलून शेवटचा सिग्नल म्हणेल, तेव्हा तुम्हीही म्हणा.